जाळीपलीकडचं ताट

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचा! कपड्यांची पेटी, हत्यारांची पिशवी आणि ही नवी वही, एवढा पसारा घेऊन सकाळी अकराला दारात उभा राहिलो, तर बाईंनी स्वतः पुढे होऊन हातातली पिशवी घेतली. माझ्या हातातलं ओझं याआधी कोणी घेतल्याचं आठवत नाही.

बाई चाळीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होत्या. सत्तरीच्या असतील, पण पाठ ताठ. घरात दोन मांजरं आहेत. कोळशी म्हणजे काळी, म्हातारी, घरची मालकीण. तांबू हा महिन्यापूर्वी आणलेला तांबडा बोका. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. कोळशीचा एक कान फाटला आहे आणि तांबूच्या नाकावर खपली आहे. घरात योग्य जागी दारं आणि जाळ्या बसवून त्यांना वेगळं ठेवायचं, मग हळूहळू एकमेकांची सवय लावायची, हे माझं काम. खिडक्यांना डासांच्या जाळ्या लावायच्या दुकानात मी चार वर्षं काढली आहेत, त्यामुळे हात बसलेला आहे.

मला स्वतंत्र खोली दिली आहे. पलंग, भिंतीतलं कपाट, धुतलेली चादर. जेवण घरातच. दुपारी भात, भाजी, अंडं असं भरलेलं ताट समोर आलं आणि पहिल्यांदा मुंगीची आठवण झाली.

मुंगी म्हणजे माझी धाकटी बहीण, सतरा वर्षांची. चालते ती कळत नाही, म्हणून मुंगी. आईवडील गेल्यापासून काकांकडे असते आणि घासागणिक बोलणी खाते. पोट आहे की पिंप, असं काकू तिला चारचौघांत विचारते. मुंगीला तिथून काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात गेली तीन वर्षं आहे. ही जागा टिकली पाहिजे.

४ मार्च, मंगळवार

सकाळी सगळं घर मोजून काढलं. दुकानात मला इंचटेप म्हणायचे ते काही उगाच नाही.

घर लांबट आहे. रस्त्याच्या बाजूला बाईंच्या खोल्या, मग बोळ. बोळाच्या एका हाताला स्वयंपाकघर, दुसऱ्या हाताला मांजरांच्या दोन खोल्या, मध्ये दार. बोळ संपतो तिथे जेवणाची खोली. तिला तीन दारं. एक बोळाचं, एक माझ्या खोलीचं, आणि समोरच्या भिंतीत एक राखाडी रंगाचं, कायम बंद. मी तेही मोजायला गेलो तर बाई म्हणाल्या, ते राहू दे, आत अडगळ आहे.

जेवणाच्या खोलीत एक-एक फुटाच्या फरशा आहेत, त्यामुळे टेप लागतच नाही. राखाडी दारापासून जेवणाचं टेबल नऊ फरशांवर आहे. बाई पुढे आपल्या खोलीत जेवतात, मी इथे एकटा.

दुपारी सुतारकाका आले. या घरातली सगळी दारं त्यांच्या हातची. जाडजूड माणूस, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मांजरं बाईंची, ओरखडे माझ्या दारांवर आणि शिव्याही मलाच, असं म्हणून स्वतःच हसले. मी तिसरा का चौथा जाळीवाला आहे म्हणे. आधीचे का गेले विचारलं तर म्हणाले, तुझ्यासारखीच तरणी पोरं, कुठे टिकतात एका जागी!

७ मार्च, शुक्रवार

मांजरांच्या दोन खोल्यांमधलं दार बसलं. काटकोनात, कुठेही फट नाही. बाईंनी बोट फिरवून पाहिलं आणि बरं झालंय म्हणाल्या.

मग त्यांनी पद्धत समजावली. चाळीस वर्षांत कधी फसली नाही म्हणतात. आधी बंद दार. दोघांनी एकमेकांना फक्त ऐकायचं. मग एकाचं अंग फडक्याने पुसायचं आणि ते फडकं दुसऱ्याच्या ताटलीखाली ठेवायचं, म्हणजे वास ओळखीचा होतो आणि तो पोट भरण्याशी जोडला जातो. दोघांच्या ताटल्या दाराच्या दोन बाजूंना, लांब. दोघंही शांतपणे जेवली की ताटल्या थोड्या पुढे. कोणी फिस्कारलं की एक पायरी मागे, न रागावता. नंतर लाकडी दार काढून जाळीचं, त्यावर चादर. चादर रोज चार बोटं वर. शेवटी दार उघडायचं. तोवर त्यांना भीती कशाची होती तेच आठवत नाही.

मला ही पद्धत फार आवडली. मारझोड नाही, आरडाओरडा नाही. काकांच्या घरी कोणी असं वागलं असतं तर!

बोलता बोलता मुंगीचा विषय काढला. बाईंनी बारीकसारीक विचारलं. खाण्यापिण्याच्या तक्रारी असतात का, चिडते का, घाबरट आहे का. मी अभिमानाने सांगितलं की मुंगीसारखी शांत मुलगी शोधून सापडणार नाही, समोर येईल ते खाते आणि ब्र काढत नाही. बाई म्हणाल्या, बोलाव की मग. मी तिथल्या तिथे काकांना फोन लावला. अठरा तारखेला पाठवतो म्हणाले. ब्याद टळतेय याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. मलाही माझा लपवता आला नाही.

१० मार्च, सोमवार

कोळशी आणि तांबू दोघंही आपापल्या बाजूला जेवतात. ताटल्या दारापासून तीन फरशांवर आणल्या. फिस्कारणं नाही.

दोरीवर वाळत घातलेला माझा निळा सदरा काल दिसेना. आज सकाळी घडी घालून पलंगावर होता. धुतल्यासारखा वाटला नाही.

जेवणाचं टेबल सात फरशांवर आहे. चार तारखेला मी नऊ लिहिलं आहे. मोजण्यात माझी चूक सहसा होत नाही. सफाई करताना कोणी सरकवलं असेल.

१२ मार्च, बुधवार

टेबल सहा फरशांवर.

आज ताट उचललं तर खाली एक फडकं सापडलं. मळकट, चौकोनी घडी घातलेलं. वास मांजराचा नव्हता. मांजराचा वास मला आता चांगला कळतो. हा आंबूस होता, ओल्या लोखंडासारखा. माझ्या निळ्या सदऱ्यालाही तोच वास येतो आहे. आधी लक्षात कसं आलं नाही?

बाईंना विचारलं. टेबल पुसायचं राहिलं असेल म्हणाल्या, आणि लगेच विचारलं की जेवण गेलं ना नीट? मी हो म्हणालो. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि त्यांच्या छोट्या वहीत काहीतरी टिपलं.

१४ मार्च, शुक्रवार

खिळे आणि बिजागऱ्या आणायला बाजारात गेलो होतो. दोन तासांनी परत आलो तर जेवणाच्या खोलीतलं राखाडी दार नाही. त्या जागी जाळीचं दार, वर गुलाबी चादर टांगलेली, खाली फरशीपर्यंत.

सुतारकाका भुसा झाडत होते. म्हणाले, बाईंच्या घाईपुढे काय बोलणार! जाळी हात लावून पाहिली. आम्ही डासांना लावतो ती नव्हे, मांजराची तर नव्हेच. बोटाएवढ्या जाड सळया. सुतारकाकांना म्हटलं, एवढी कशासाठी? तेही म्हणाले की मी पण बाईंना हेच विचारलं, वाघ पाळताय की काय! मग हसले, पण यावेळी हत्यारं भरभर गोळा केली आणि चहा न घेता गेले.

चादरीमागे अंधार आहे. अडगळीच्या खोलीला हवा लागावी म्हणून जाळी, असं बाई म्हणतात.

टेबल पाच फरशांवर.

१५ मार्च, शनिवार

टेबल चार.

चादर फरशीपासून चार बोटं वर आहे. मी बोटं लावून पाहिली. बरोबर चार.

जेवताना वाकून त्या फटीतून पाहिलं. पलीकडे फरशीवर स्टीलचं ताट होतं. माझ्या ताटासारखंच, कडेला तीच नक्षी. त्यात भात, भाजी, एक अंडं. जाळीपासून चार फरशांवर.

मी घास घेतला. पलीकडे घास घेतल्याचा आवाज झाला. मी थांबलो. तोही थांबला.

मी पूर्ण जेवलो. का जेवलो कळत नाही. सवयीने, घाबरून. उठलो तर बोळाच्या दारात बाई उभ्या होत्या, वही घेऊन.

१६ मार्च, रविवार

बाई दुपारी जेवून पडल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवरची त्यांची ती वही काढून पाहिली. एका पानावर कोळशी आणि तांबू. पुढच्या पानावर वर फक्त 'जाळीवाला' लिहिलं आहे. खाली तारखा. फरशा नऊ, आठ, सात. फडकं दिलं, जेवला. सदरा आत दिला, आतला शांत. चादर चार बोटं, दोघंही जेवले.

आतला.

त्याआधीही पानं आहेत. 'जाळीवाला' तीन वेळा. तिन्हीच्या शेवटी दार उघडलं, अशी नोंद. त्यापुढे कोरं.

पण एका पानावर हेही होतं: फिस्कारला, एक पायरी मागे.

वही जागेवर ठेवली. चार वाजता ताट आलं. मी ते ताट उचलून भिंतीवर मारलं. ओरडलो, खुर्ची लाथाडली, घसा बसेपर्यंत शिव्या दिल्या. आयुष्यात मी कधी अन्न फेकलं नव्हतं. चादरीमागे काहीतरी सरपटत लांब गेलं. जड होतं. पायांचा आवाज नव्हता.

बाई रागावल्या नाहीत. भात गोळा केला आणि म्हणाल्या, घाई झाली वाटतं.

१७ मार्च, सोमवार

टेबल पाच फरशांवर! चादर पुन्हा फरशीपर्यंत!

म्हणजे ओरडलं की ते मागे जातं. मी रोज ओरडेन. पण त्याआधी मुंगीला थांबवलं पाहिजे. सकाळी काकांना फोन केला. उद्या पाठवू नका म्हटलं. काका म्हणाले, कालच घातली गाडीत, वाटेत आत्याकडे मुक्काम करून उद्या पोचेल. आणि आता आमच्या दारात परत यायचं नाही, असंही म्हणाले. आत्याचा फोन लागत नाही.

उद्या सकाळपासून स्टॅंडवर उभा राहतो. तिथूनच दोघं निघून जाऊ. कुठेही. पेटी इथेच राहू दे.

१८ मार्च, मंगळवार

सातपासून उभा होतो. अकरा गाड्या पाहिल्या. दुपारी एका वाहकाने सांगितलं की ती गाडी आज बाहेरच्या रस्त्यानेच गेली, उतारू नाक्यावर सोडले.

धावत आलो. दार उघडंच होतं.

मुंगी जेवत होती. जेवणाच्या खोलीत, माझ्या खुर्चीवर, वेणी नीट घातलेली. ताट जवळजवळ रिकामं. मला पाहून तिचा चेहरा असा उजळला! तोंडात घास धरूनच म्हणाली की दादा, बाईंनी मला तीनदा वाढलं, मी मागितलंसुद्धा नव्हतं.

टेबल चार फरशांवर, चादर चार बोटं वर होती. पलीकडे ताट पुसून काढल्याचा आवाज येत होता.

मी तिचा हात धरून ओढलं. ताट लोटून दिलं. चल, आत्ताच्या आत्ता चल, असं ओरडत राहिलो. तिला खरं सांगायला हवं होतं, पण मी नुसता ओरडत होतो. तिने हात सोडवून घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाली, "तिथेही जेवताना असंच ओरडायचे, दादा. आता तूही?"

मग सुतारकाका मागून आले आणि माझे दोन्ही हात धरले.

१९ मार्च, बुधवार

माझ्या खोलीला बाहेरून दोन कड्या आहेत, एक वर, एक खाली.

रात्री झोप नाही म्हणून भ्रम झालाय, डॉक्टरांना बोलावलंय, असं बाईंनी सुतारकाकांना सांगितलं आहे. ते दारापलीकडून म्हणाले, दोन दिवस गप पडून राहा, पोरा, बहिणीला घाबरवू नकोस. मी सगळं सांगितलं, वहीसुद्धा सांगितली. ते खिळे ठोकत राहिले. दाराच्या तळाशी त्यांनी झडप बसवली. मांजरासाठी असते तशी. तिच्यातून माझं ताट येतं.

खिडकीला गज आहेत. समोर गोदामाची कोरी भिंत. फोन टेबलावर राहिला.

एकत्र ठेवून भांडत असतील तर आधी वेगळं करायचं. बाईंचं बरोबर आहे. पद्धतच तशी आहे.

मुंगीला हाका मारतो. ती उत्तर देत नाही. रुसली की ती असंच करते, दोन दिवस.

२० मार्च, गुरुवार

सकाळी टेबल सरकल्याचा आवाज. एकदाच. तीन फरशा.

मी दार बडवलं. मी फिस्कारलो तर चालत नाही आता. आता त्या वहीत मोजदाद मुंगीची आहे, माझी नाही.

मुंगीला सांगितलं, जेवू नकोस, मुंगे, ताट लोटून दे. तिने खुर्ची मागे घेतल्याचा आवाज आला. मग बाई हळू आवाजात काही म्हणाल्या. मग पुन्हा जेवल्याचा आवाज. तिला कोणी भरलेलं ताट दिलं तर ती कसं लोटेल?

२१ मार्च, शुक्रवार

दोन फरशा.

चादरीच्या कड्या सरकल्या. अर्ध्यापर्यंत असाव्यात. मुंगी किंचाळेल म्हणून कान दारालाच लावून बसलो होतो.

किंचाळली नाही. मग बाईंना म्हणाली, किती भुकेलेला आहे हो. बिचाऱ्याला कोणी पोटभर दिलंच नाही वाटतं.

२२ मार्च, शनिवार

एक.

तिने आपल्या ताटातलं अंडं जाळीतून दिलं. तिनेच सांगितलं मला, दाराशी येऊन. रुसवा गेला होता. म्हणाली, दादा, तू उगाच घाबरतोस, तो काही करत नाही, नुसता बघतो. मी विचारलं, कोण तो, कसा आहे? ती म्हणाली, सांगता येत नाही, पण आता ओळखीचा वाटतो.

मी झडपेतून हात बाहेर काढला. तिने धरला. नखं वाढली आहेत तिची. ये इकडे, बाहेरून कड्या काढ, एवढंच कर, म्हटलं. ती म्हणाली, बाई म्हणाल्या उद्या काढू, तू शांत झालास की.

हात सोडू नकोस म्हटलं. पण जेवायला हाक आली, आणि —

२३ मार्च, रविवार

सकाळी दहा वाजता. जाळीच्या दाराची कडी. वरची, मग खालची.

मुंगी एकदा हसली. मोठ्याने नाही.

मग काही नाही. ओरडणं नाही, खुर्ची पडली नाही. काहीतरी फरशीवरून ओढत — हळूच, खूप काळजीने —

कोळशी आणि तांबू, एव्हाना मोकळी सोडलेली, दोघंही बोळातून पुढच्या दाराकडे पळाली. नखांचा आवाज ऐकला.

जाळीचं दार पुन्हा लागलं.

२४

मुंगे. मुंगे. मुंगे. दिवसभर.

झडपेतून ताट आलं. परत ढकललं.

बाईंना विचारलं, ती कुठे आहे? म्हणाल्या, आहे की. पलीकडे आहे. बरी आहे. जेवते व्यवस्थित.

२५

झडपेतून तिची ओढणी आली. घडी घातलेली. पिवळी, मीच घेऊन दिलेली.

वास तिचा नाही. ओल्या लोखंडाचा. पण अगदी आत, घडीच्या आत, थोडासा तेलाचा, तिच्या केसांच्या —

उशीखाली ठेवली आहे. फेकवत नाही.

२६

बाईंनी मला माझं ताट दारापासून चार फरशांवर ठेवायला सांगितलं आहे. दाराबाहेर, पलीकडे, दुसरं ताट ठेवल्याचा आवाज आला.

कोणीतरी बसलं. पायांचा आवाज नव्हता. पण तिचाही कधीच नसायचा.

मी ताट उलटं केलं, ओरडलो. पलीकडचं लांब गेलं. सरपटत. आणि लांब जाताना जो आवाज झाला तो — मुंगी लहानपणी मार खाल्ल्यावर तोंड दाबून —

मी हे काय केलं?

२७

आज ओरडलो नाही.

ओरडलो तर हे दार कधीच उघडणार नाही. ती पलीकडे असेल, आणि मी इकडे, आणि ती घाबरून दूर दूर जात राहील. माझ्या आवाजाला. आयुष्यभर लोक जेवताना तिच्यावर ओरडले.

तीन फरशा. मी जेवलो. पलीकडेही जेवण झालं. बाईंनी टिपून घेतलं असेल. घेऊ दे.

२८

एक. दोन पायऱ्या एकदम. आम्ही दोघं शांत आहोत म्हणून.

ती भाजी आधी खाते, भात मागून. मुंगीची तीच सवय. का सगळेच तसं खातात? आठवत नाही.

दाराखालून श्वास येतो. मी माझं अंडं झडपेतून पुढे केलं. ते घेतलं गेलं. बोटं नव्हती — म्हणजे बोटांसारखी —

घेतलं, एवढं खरं.

२९

ताट दाराला टेकलं आहे. सगळं संपवलं, शितं वेचून खाल्ली. पलीकडेही शितं वेचल्याचा आवाज.

भीती वाटत नाही असं नाही. पण ती कशाची होती ते नीट आठवत नाही.

मुंगे, मी ओरडणार नाही. वर बघून हसलीस तर मीही हसेन. नाही हसता आलं तरी चालेल. तू पोटभर जेवतेस ना, एवढंच मला —

बाईंनी वरची कडी काढली. अक्षर सरळ येत आहे. आता खालच्या कडीला हात —